डावी बाही

दुकानातल्या पुतळ्यावर कोट चढवला आणि डावी बाही सरळ खाली पडली, तेव्हा धाकटी दोन पावलं मागे सरली.

सकाळी गव्हर्नर साहेबांच्या बंगल्यावर ट्रायल झाली, तेव्हा हीच बाही खांद्यापासून कोपरापर्यंत तिरक्या सुरकुत्या टाकत होती. पिळलेल्या फडक्यासारखी. आता पुतळ्यावर तिच्यात एक सुरकुती नव्हती. मुंढ्यापासून मनगटापर्यंत कापड असं उतरलं होतं की शिकाऊ कारागिराला उभं करून दाखवावं.

"बघ, म्हणजे माझी कापणी बरोबर होती," दादा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात जीव भांड्यात पडल्याची खूण होती. "तूच बाही जोडताना ओढलीस, आणि तिथे टाचण्या लावताना सैल झाली. उसव आणि पुन्हा बसव. संध्याकाळपर्यंत होईल."

"उसवून काय करू? चूक असेल तर उसवायची ना."

"म्हणजे?"

ती पुतळ्याभोवती फिरली, रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेली आणि तिने खिडकी लावून घेतली. दादाने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या घरात भरदिवसा खिडकी लावण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. काकांना पोलिसांनी याच खोलीतून, याच कापणीच्या टेबलाजवळून नेलं, त्या दिवसानंतर घरातलं कुठलंही खरं बोलणं उघड्या खिडकीशी झालं नव्हतं.

"दादा, कोटात काही नाही," ती हळू म्हणाली. "हातात आहे."

"कुणाच्या हातात?"

"त्यांच्या. मी टाचण्या लावत होते, तेव्हा दंड चाचपला. अस्तराच्या आत कुणी नसल्यासारखा. आणि बाही घालताना त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून आत घातला. तू तेव्हा सेक्रेटरीशी कॉलरबद्दल बोलत होतास. हात पुढे येऊन आत वळलाय, म्हणून मागून कापड ओढलं जातंय. गेल्या वर्षीच्या मापावर आपण कोट शिवला. माणूस गेल्या वर्षीचा राहिला नाही."

दादा मटकन स्टुलावर बसला. हातातला खडू त्याने टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"तुला काही दिसलं नाही," तो म्हणाला. "ऐकतेस? तुला काहीएक दिसलेलं नाही."

पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरचं दोघांच्याही मनात एकदमच आलं असणार. पत्ते खेळता खेळता तो एवढंच म्हणाला होता, की साहेबांचं तोंड हल्ली एका बाजूने उघडतं, कवळी बसवायला त्रास होतो. आठवडा उलटायच्या आत दवाखान्याला कुलूप लागलं. पाटीसुद्धा काढून नेली. भिंतीवर स्क्रूची भोकं तेवढी राहिली. डॉक्टरची बायको आजही बाजारात भेटली की आधी इकडेतिकडे पाहते आणि मग हवापाण्याचं बोलते.

*

वडिलांना, म्हणजे आबांना, सांगायचं नाही असं दादाचं मत होतं. पण आबा जिन्यात उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून त्यांनी सुईला हात लावला नव्हता. कान मात्र जास्तच तिखट झाले होते. त्या बंगल्यात आलेल्या प्रत्येक गव्हर्नरचे कोट त्यांनी शिवले होते. कुणाचं पोट सुटलं, कुणाची पाठ वाकली, हे त्या त्या माणसाच्या बायकोआधी त्यांना कळत असे. आणि ते पोटात ठेवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

जेवणं आटोपल्यावर सगळे मागच्या खोलीत बसले. वहिनीने आपल्या पोरीला शेजारी पाठवलं होतं. वहिनी आणि धाकटी यांच्यात बरेच महिने कामापुरतंच बोलणं होतं. दुकानाच्या वरचा मजला कुणाचा, या गोष्टीवरून सुरू झालेलं ते प्रकरण आता कशावरून आहे हे दोघींनाही धड सांगता आलं नसतं. त्यामुळे वहिनी नवऱ्याच्या बाजूला बसली आणि धाकटी आबांच्या.

"माझं ऐकाल तर," दादा म्हणाला, "चांगली इस्त्री मारायची, कोट आहे तसा पोचवायचा. सुरकुती पडली तर पडली. शिंपी वाईट निघाला म्हणतील. वाईट शिंप्याला कुणी उचलून नेत नाही."

"नव्या मुदतीच्या शपथविधीला साहेब बंगल्याच्या गच्चीवर उभे राहणार," धाकटी म्हणाली. "खाली सगळं गाव. नव्या कोटाची एक बाही सरळ आणि एक पिळलेली दिसली की लोक काय बघतील? बाहीच बघतील. आणि बाही बघता बघता हात बघतील."

"मग बघू देत! आपण थोडंच सांगितलं?"

"ते कुणाला विचारणार मग, कसं कळलं म्हणून? त्या दंडाला हात लावलेली माणसं किती आहेत?"

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अहो, मग दुरुस्त करून द्या ना," ती म्हणाली. "वन्संना येतं ते."

"दुरुस्त केलं की कळलं असं होतं!" दादाचा आवाज चढला आणि लगेच दबला. "डाव्या हातासाठी वेगळी बाही कापली, म्हणजे डावा हात वेगळा आहे हे आपल्याला माहीत आहे. तो माणूस कोट घालेल, छान बसला म्हणेल, आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात येईल की बाही एवढी छान कशी बसली. आपण इथून निघू या. आजच. पोरीला घेऊन."

"निघालो की काहीच लपून राहणार नाही," आबा म्हणाले. इतका वेळ ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. "कोट अर्धा टाकून शिंपी पळाला, म्हणजे शिंप्याने काहीतरी पाहिलं. नदीवरच्या पुलापर्यंतही जाऊ द्यायचे नाहीत."

बाहेर रस्त्यावर एक मोटार हळू झाली. चौघंही आपापल्या जागी तशीच थिजली. मोटार पुढे गेली. वहिनीने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला.

"माझी ही भुवई जन्मापासून वर आहे," वहिनी अचानक म्हणाली.

दादाने तिच्याकडे वेड लागलंय का अशा नजरेने पाहिलं.

"खरंच. लग्नाच्या आधी सगळे म्हणायचे, हिला कायम कसलातरी संशय येतो. मग मी दुसरीही पेन्सिलीने तेवढीच वर काढायला लागले. आता कुणी म्हणत नाही. तुम्हाला तरी कधी कळलं?"

दादाने बायकोच्या तोंडाकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

धाकटी मात्र उठून उभी राहिली होती. "वहिनी," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. भीतीत फुटतं तसं, न आवरणारं. "वहिनी, दोन्ही! दोन्ही बाह्या पुढे झुकवायच्या!"

"उजवा हात धडधाकट आहे त्यांचा," दादा म्हणाला.

"उजवी जराशीच झुकवायची," आबा म्हणाले. त्यांची हनुवटी काठीवरून उठली होती. "कोपराशी बाक दे, म्हणजे सरळ हातावरही खुपायची नाही. नवी कापणी म्हणायचं. परदेशातून आलेली. डाव्या खांद्यात आतून एक थर जास्त घाल, पण पातळ. बोटाला लागता कामा नये. आणि डावा खिसा जरा वर घे. हात लोंबण्यापेक्षा खिशात राहिला तर चांगला दिसेल, आणि माणसालाही बरं वाटेल."

मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, काम उरलं. दादाने कापड पसरलं, खडूने आखून नव्या बाह्या कापल्या. धाकटीने जुन्या दोन्ही बाह्या उसवल्या. नव्या बाहीचा माथा मुंढ्यात किंचित पुढे फिरवला, मागे सुटलेलं जास्तीचं कापड बोटांनी चेपत चेपत सामावून घेतलं, कच्चे टाके घातले. वहिनी इस्त्रीपाशी उभी राहिली. न सांगता तिने ओलं फडकं पुढे केलं आणि धाकटीने न बघता ते घेतलं. सूर्य मावळायच्या आत कोट पुन्हा पुतळ्यावर चढला. आता पुतळ्यावर तो विचित्र दिसत होता. दोन्ही बाह्या पुढे झुकून जणू काहीतरी उचलायला निघाल्या होत्या.

"बरोबर," आबा बाहीवरून तळवा फिरवत म्हणाले. "पुतळ्यावर वाईट दिसायलाच हवा."

बंगल्यावर कोणी जायचं यावर वाद झाला नाही. दादाने तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलली. "तुम्ही नका जाऊ. तुमच्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं." आणि धाकटीकडे वळून, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिचा हात धरून म्हणाली, "वन्सं, तुम्ही जा. पण कमी बोला हं. तुम्हाला बोलायची हौस फार."

*

बंगल्यातल्या त्या खोलीत तीन बाजूंनी आरसे होते. धाकटीने कोट धरला. सेक्रेटरी दाराशी उभा होता; शिडशिडीत, पायात आवाज न करणारे बूट. गव्हर्नर साहेबांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, आणि तो बाहीत शिरेपर्यंत धाकटी कॉलरचा एक नसलेला दोरा निरखत राहिली.

कोट बसला. तिला तो आरशात पाहावाही लागला नाही, हाताखाली कळला. मागे एक सुरकुती नव्हती. डावा हात जरासा ढकलताच वर घेतलेल्या खिशात गेला आणि तिथे राहिला, एखाद्या निवांत माणसाचा राहतो तसा.

साहेबांनी स्वतःला बराच वेळ पाहिलं. मग ते न वळता म्हणाले, "बाहेर थांबा."

सेक्रेटरी बाहेर गेला. दार लागलं.

"बाही बदललीत."

"दोन्ही बदलल्या, साहेब. पुढे झुकती कापणी आहे. नवीन निघालीय."

"कुठे निघालीय?"

"परदेशात."

"तुमच्या घरात कोण परदेशात जाऊन आलं?"

घरातलं कुणी नदीपलीकडच्या वहिनीच्या माहेरापुढे कधी गेलेलं नव्हतं. साहेब आरशातून तिच्याकडे पाहत होते. तोंडाची डावी बाजू किंचित उतरलेली होती. इतक्या जवळून ते दिसत होतं आणि न पाहणं शक्य नव्हतं.

"अजून कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"कशाचं, साहेब?"

"बाहीचं."

"बाही मी जोडते. दादा फक्त कापतो, मी सांगेन तसं. वडिलांना दिसत नाही. वहिनी इस्त्री करते." ती थांबली. वहिनीने सांगितलेलं आठवून थांबली. मग तिला वाटलं, आपण आत्ता थांबलो तर घरातल्या सगळ्यांची नावं तशीच हवेत लोंबत राहतील. "मला एकटीला माहीत आहे," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. थकलेले दिसत होते, आणि तिला जाणवलं की हा माणूसही घाबरलेला आहे, तिच्याहून जास्त. त्याने तिला धीर आला नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातात केवढं काय असतं हे तिला काकांच्या वेळेपासून माहीत होतं.

"बटणं लावा," ते म्हणाले. तिने लावली. "हे रोज कोण करणार? नोकर बोलतात. उद्यापासून तुम्ही इथेच राहा. मागे एक खोली आहे. घरी निरोप जाईल."

"किती दिवस, साहेब?"

"ते तुम्हीच सांगा मला," गव्हर्नर म्हणाले. "डॉक्टरांच्या आधी तुम्हाला कळलं."

*

शपथविधी झाला. साहेबांनी उजवा हात वर करून शपथ घेतली, डावा खिशात होता, आणि खाली जमलेल्या गर्दीला दिसला तो एक भारदस्त, निवांत माणूस. पडद्यामागे उभ्या असलेल्या धाकटीने टाळ्या ऐकल्या.

पंधरवड्याने तिला एका दुपारपुरतं घरी सोडलं. मोटार दाराशी थांबून राहणार होती.

दुकानात शिरली तर पाय ठेवायला जागा नाही. पुतळ्यांवर, खुंट्यांवर, टेबलावर कोटच कोट, आणि सगळ्यांच्या बाह्या पुढे झुकलेल्या.

"धाकटे, अगं वेड लागलंय लोकांना!" दादाने तिला अर्धी मिठी मारली, दुसऱ्या हातात कात्री तशीच. तो टवटवीत दिसत होता. "कलेक्टर, बंदराचा अधिकारी, कॉलेजचे प्राचार्य! सगळ्यांना साहेबांसारखी बाही पाहिजे. धडधाकट माणसांना ती बसत नाही, मुंढ्यात काचते, पण कुणी तक्रार करेल तर शपथ!"

पोरगी आत्याच्या गळ्यात पडली. वहिनीने चहा आणला, समोर बसली, आणि धाकटीच्या चेहऱ्यावर नजर पडताच कप टेबलावर ठेवायचा विसरली.

"पोरीला आत नेऊन दोन घास भरव गं," आबा सुनेला म्हणाले. "आणि तू ते पुढचे कोट आवर," ते मुलाला म्हणाले. सगळे पांगले. आबांनी मुलीचा हात चाचपडत धरला. "बोल."

"उजवा," धाकटी म्हणाली.

आबांची बोटं तिच्या मनगटावर आवळली गेली.

"परवापासून. पेन धरता येत नाही. सही करायची असली की म्हणतात, ठेवून जा, नंतर करतो. सेक्रेटरीला अजून कळलेलं नाही. पण किती दिवस, आबा? कोटाने किती झाकायचं? आणि उघडं पडलं की पहिलं कोण? मला एकटीला माहीत आहे म्हणाले मी, पण ते मानतील का? दुकानात तुम्ही सगळे आहात."

आबांनी सुनेला हाक मारली. "सूनबाई, तुझ्या आईची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत आहे की," वहिनी म्हणाली. मग तिने आबांकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि दाराबाहेरच्या मोटारीकडे. तिचा चेहरा उतरत गेला. "नाही," ती सावकाश म्हणाली. "बरी नाही. काल निरोप आला होता. अंथरुणाला खिळलीय. सगळ्यांना बघायचं म्हणते."

"मग नदीपलीकडे जायलाच हवं. उद्या सकाळी. कोट टेबलावर तसेच राहू देत, परत येणारी माणसं टाकून जातात तसे. आता गाव आपल्याला ओळखतं. साहेबांचे शिंपी म्हटल्यावर पुलावर कुणी अडवायचं नाही. नंतर अडवतील."

"आणि वन्सं?"

"मी बंगल्यावर असेन तोवर तुम्हाला कुणी शोधायचं नाही," धाकटी म्हणाली. "कोट चढवणारी जागेवर आहे म्हटल्यावर कशाला शोधतील?"

दादा कात्री हातात घेऊन दाराशी उभा होता. त्याने किती ऐकलं कुणास ठाऊक. चेहऱ्यावर सगळं छापून आलं होतं. "मी जात नाही," तो म्हणाला. "तुला तिथे टाकून मी जात नाही, धाकटे."

"पोरीला कोण नेईल मग?"

त्याने कात्री टेबलावर ठेवली. वहिनी पुढे झाली. तिने धाकटीचा चेहरा दोन्ही तळव्यांत घेतला, काहीतरी बोलायला गेली, आणि न बोलता तिच्या ब्लाउजच्या खांद्यावरचा सुटलेला दोरा दातांनी तोडून दिला. बाहेर हॉर्न वाजला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आरशासमोर नेहमीपेक्षा उशिरा उभे राहिले. उजव्या हाताशी छोट्या टेबलावर सेक्रेटरीला बोलवायची पितळी घंटी होती. कोट खुर्चीच्या पाठीवर होता.

"दुकानाला कुलूप आहे म्हणे," ते म्हणाले.

धाकटी खुर्चीवरच्या कोटाला ब्रश मारत राहिली.

"वहिनीची आई आजारी आहे, साहेब. भेटायला गेलेत."

"सगळे?"

"सगळे."

"नदीपलीकडे."

"हो."

साहेबांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. शब्द हल्ली त्यांच्या तोंडातून जरा ओले होऊन येत. "पुलावर फोन केला तर अजून सापडतील," ते म्हणाले. प्रश्न होता की धमकी, तिला कळलं नाही. मग त्यांची नजर घंटीवर गेली.

हात हलला नाही.

खांदा हलला, जबडा आवळला गेला, कपाळावर घाम फुटला. बोटं टेबलाच्या कडेवर थोडी सरकली आणि तिथेच पडून राहिली. दारापलीकडे सेक्रेटरी खाकरला. साहेबांनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक मारली असती तर तो आत आला असता, आणि त्याने हा हात पाहिला असता.

"घंटी द्या," ते कुजबुजले.

आबा आत्ता पुलावर पोचले असतील का, गाडीत पोरगी झोपली असेल का, हे धाकटीच्या मनात आलं. तिने घंटी उचलली. तिचा लोलक वाजू नये म्हणून तो बोटाने दाबून धरला आणि ती दूर, खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मग खुर्चीवरचा कोट उचलून त्यांच्या मागे उभी राहिली.

"आधी कोट घालू, साहेब," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नीट आले. "फोनचं नंतर बघू. घाई केली की बाही नीट बसत नाही."

आरशात दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गव्हर्नर साहेबांनी डोळे मिटून घेतले, आणि तिने त्यांचा उजवा हात उचलला.